दंडाचे भय आणि लाभाची ओढ

राज्यकारभाराचा सारा डोलारा एका साध्या गृहीतावर उभा आहे. मनुष्य लाभाकडे धावतो आणि दुःखापासून दूर पळतो, हे ते गृहीत होय. कायद्यातील कलमे, शाळेतील छडी, कचेरीतील बढती व रोखलेली वेतनवाढ, पुराणिकबुवांनी रंगविलेला स्वर्ग आणि नरक, ही सर्व त्या एकाच गृहीताची निरनिराळी रूपे आहेत. कौटिल्याने तर दंडाच्या मात्रेचाही विचार करून ठेवला आहे. फार कठोर दंड करणाऱ्या राजाला प्रजा विटते, फार सौम्य दंड करणाऱ्याला ती जुमानीत नाही, आणि अपराधाला साजेल एवढाच दंड करणारा राजा आदरास पात्र ठरतो, असा त्याचा अभिप्राय आहे. मात्रा चुकली तर औषध बाधते, हे त्याने ओळखले होते. परंतु मात्रा बरोबर असूनही ज्याला ते औषध लागूच पडत नाही, असा रोगी पुढे आला तर वैद्याने काय करावे?

असा मनुष्य केवळ कल्पनेतला नाही. त्याला एकदा शिक्षा होते, दोनदा होते, आणि सुटून आल्यावर थोड्याच दिवसांत तो पुन्हा आपल्या जुन्या वाटेला लागलेला असतो. पोलिस म्हणतात, तो निर्ढावला आहे. शेजारी म्हणतात, तो मुळातच वाईट. आणि चार सुशिक्षित माणसे एकत्र बसली की निष्कर्ष निघतो तो हा, की शिक्षा पुरेशी कडक नव्हती. तिन्ही उत्तरांत हे शेवटचे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे, आणि कायदे करणाऱ्यांच्या कानी तेच सर्वांत मोठ्याने पडते. त्यात तथ्य किती, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी गेली सुमारे सत्तर वर्षे प्रयोगशाळेत आणि तुरुंगात जाऊन घेतला आहे. त्या शोधाची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

प्रथम हा मनुष्य कोण, ते नीट ठरविले पाहिजे. पोटासाठी चोरी करणारा, दारूच्या नशेत हात उचलणारा, भावकीच्या वैरातून कुऱ्हाड चालविणारा, हे सर्व गुन्हेगार खरे. पण आपला विषय ते नव्हेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात हर्वी क्लेक्ली नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. १९४१ मध्ये त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या नावातच शहाणपणाचा मुखवटा अशी कल्पना योजली. त्यांनी वर्णिलेला मनुष्य बोलण्यात गोड, बुद्धीने तल्लख आणि वागण्यात मोकळा असतो. त्याला भास होत नाहीत, भ्रम नसतो. पण तो सहज खोटे बोलतो, दिलेला शब्द सहज मोडतो, आणि ज्याचे नुकसान केले त्याच्याबद्दल त्याला खंत वाटत नाही. क्लेक्ली यांना सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट निराळीच होती. हे करणे योग्य आहे का, केल्यास परिणाम काय होईल, असे विचारले तर तो अचूक उत्तर देतो. आणि उठून नेमके तेच करतो. अनुभवाने तो शहाणा होत नाही. ज्ञान त्याच्यापाशी आहे, पण त्या ज्ञानाचा वर्तनावर काही अंमल चालत नाही.

इंग्रजीत अशा मनुष्यास सायकोपॅथ म्हणतात. सतत कायदा मोडणे, बेजबाबदार वागणे, फसविणे अशा वर्तनावरून जे निदान केले जाते त्यास समाजविघातक व्यक्तिमत्त्व असे नाव आहे, आणि तुरुंगातील पुष्कळ कैदी त्या व्याख्येत बसतात. सायकोपॅथ हा त्याहून बराच लहान वर्ग होय. कॅनडातील रॉबर्ट हेअर यांनी त्याच्या निदानासाठी वीस लक्षणांची एक यादी तयार केली असून प्रत्येक लक्षणास शून्य, एक किंवा दोन असे गुण देतात. चाळीसपैकी तीस गुण मिळाले की तो मनुष्य सामान्यतः या वर्गात धरला जातो. म्हणजे हा प्रश्न होय किंवा नाही असा नसून कमी-अधिकाचा आहे. दहा-बारा गुण मिळविणारी पुष्कळ मंडळी तुरुंगाच्या बाहेर, आणि कधी कधी चांगल्या खुर्च्यांवरही, बसलेली असावीत.

आता प्रयोगांकडे वळू. मिनेसोटा येथील डेव्हिड लिकन यांनी १९५७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक यंत्र तयार केले. चक्रव्यूह म्हणा हवे तर, पण तो पायांनी चालण्याचा नव्हे, बोटांनी सोडविण्याचा. त्यात वीस टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर चार खटके होते. चारांपैकी एक खटका बरोबर. तो दाबला की पुढचा टप्पा. उरलेले तीन चूक, पण त्या तिहींपैकी एक असा की तो दाबल्यास हाताला विजेचा झटका बसे. बसणाऱ्यास एवढेच सांगितलेले असे की बरोबर वाट शोधून लक्षात ठेवा. झटके चुकवा, असे कोणी सांगत नसे. ते सांगावे तरी कशाला? सामान्य माणूस वाट शिकता शिकता झटक्याचा खटका आपोआप टाळू लागतो. चुकायचेच असेल तर बिनझटक्याचे चुकतो. क्लेक्लींच्या वर्णनाशी जुळणारी जी माणसे लिकन यांनी निवडली होती, ती वाट शिकण्यात इतरांच्या मागे नव्हती. मात्र झटक्याचा खटका टाळण्यात ती सर्वांत मागे राहिली. बुद्धी शाबूत होती. पण चटका बसलेल्या जागेचे जे भय मनात घर करावयास हवे, ते घर करीत नव्हते.

हेच भय डोळ्यांनी पाहता यावे, अशी युक्ती पुढे हेअर यांनी योजली. माणूस घाबरला की तळहाताला बारीक घाम सुटतो, आणि घाम सुटला की त्वचेतून वीज अधिक सुलभतेने वाहते; ती यंत्राने मोजता येते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कैद्यांपुढे एकापासून बारापर्यंतचे आकडे ओळीने येत आणि आठ या आकड्याला झटका बसेल, असे त्यांना आधी सांगितलेले असे. सामान्य कैद्याचा तळहात तीन-चार आकडे होतात न होतात तोच ओला होऊ लागे आणि आठ जवळ येईल तसतसा घाम वाढत जाई. सायकोपॅथ वर्गातील कैद्याच्या तळहातावर मात्र झटका अगदी तोंडाशी येईपर्यंत फारसा पालट दिसत नसे. दंतवैद्याच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाची जी अवस्था होते, ती या माणसाच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. पुढे येणारे दुःख त्याला माहीत असते. पण ते त्याला आजच दुखत नाही. आणि शिक्षेचे सारे सामर्थ्य तर या आज दुखण्यातच आहे. न्यायाधीशाने दिलेली सात वर्षे गुन्हा करण्याच्या क्षणी तळहाताला घाम आणणार नसतील, तर त्यांची चौदा केल्याने तो सुटेल असे मानण्यास आधार काय?

येथवर गोष्ट सरळ दिसते. या माणसांना भय नाही, म्हणून शिक्षा व्यर्थ. पण निसर्ग इतका सरळ चालत नाही. फ्रँक श्मॉक यांनी १९७० मध्ये लिकन यांचाच प्रयोग थोडा बदलून केला. चुकीच्या खटक्याला कधी विजेचा झटका, कधी समोरच्याची तोंडी नापसंती, आणि कधी हातच्या पैशांतून कपात, अशा तीन तऱ्हेच्या शिक्षा त्यांनी ठेवल्या. झटका आणि नापसंती यांचा सायकोपॅथ मंडळींवर फारसा परिणाम झाला नाही. पैसे जाऊ लागताच मात्र तीच मंडळी खटका टाळण्यास चांगली शिकली! तेव्हा ती सर्वच शिक्षांना बहिरी आहेत, हे म्हणणे टिकत नाही. लोकांनी तोंडावर नावे ठेवली की आपल्यापैकी बहुतेक जण शरमेने अर्धे होतात, आणि समाजाचा निम्मा कारभार या शरमेवरच चालतो. त्या नाण्याला या बाजारात किंमत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढचा प्रयोग मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील जोसेफ न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. कैद्यापुढे शंभर पत्त्यांचा खेळ मांडला जाई. पान उलटायचे; जिंकणारे निघाले तर थोडे पैसे मिळायचे, हरणारे निघाले तर तेवढेच जायचे. केव्हाही थांबण्याची मुभा होती. पानांची रचना मात्र मोठी धूर्त होती. पहिल्या दहा पानांत नऊ जिंकणारी, पुढल्या दहांत आठ, त्यापुढे सात, अशी ती उतरत जात आणि शेवटच्या दहांत जिंकणारे एकही पान नसे. हा खेळ म्हणजे जुगारी माणसाचे आयुष्यच थोडक्यात मांडल्यासारखे आहे: आरंभी लक्ष्मी प्रसन्न, आणि मग हळूहळू तिने पाठ फिरविणे. इतर कैदी वारे फिरले असे पाहून उठत. सायकोपॅथ कैदी खेळत राहत आणि मिळविलेले घालवीत.

यानंतर न्यूमन यांनी खेळात एक लहानसा फरक केला. प्रत्येक पान उलटल्यानंतर हिशेब समोर दिसेल आणि पाच सेकंद थांबल्याखेरीज पुढचे पान उलटता येणार नाही, असा नियम घातला. शिक्षा वाढविली नाही, बक्षीस वाढविले नाही, उपदेश तर मुळीच केला नाही. आणि दोन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. त्या पाच सेकंदांत सायकोपॅथ कैद्यालाही हार दिसली, आणि तोही वेळेवर उठला.

याच्या आदल्या वर्षी न्यूमन व कॉसन यांनी केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगाचा निष्कर्षही याला पूरक आहे. केवळ दंड टाळावयाचा असेल, लाभाचे आमिष समोर नसेल, तर ही माणसे इतरांइतकीच सावध असतात. लाभ आणि दंड एकाच वेळी समोर आले की मात्र ती घसरतात. टांग्याच्या घोड्याला झापडे बांधलेली असतात. त्याचे डोळे चांगले असतात, पण बाजूचे त्याला दिसत नाही. लाभ दृष्टीस पडला की या माणसांच्या मनाला अशीच झापडे चढतात, असे न्यूमन यांचे म्हणणे. पुढील काळात झालेल्या सर्वच प्रयोगांचा निकाल इतका स्वच्छ लागला असे नाही, आणि भयाचा मूळ अभाव मानणारा पक्ष अद्याप आपली बाजू सोडावयास तयार नाही. दोन्ही पक्षांत थोडेथोडे सत्य असावे, असे दिसते.

तसे मानण्यास मेंदूच्या अभ्यासातही आधार मिळतो. जेफ्री ग्रे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० पासून असा सिद्धांत मांडला, की आपल्या मेंदूत दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत: एक लाभाकडे ओढणारी आणि दुसरी धोका दिसताच पाऊल रोखणारी. ओढ जबर आणि लगाम ढिला, अशी जोडी एका ठिकाणी जमली की अनर्थ ओढवतो. मात्र दोन्ही दोष प्रत्येकात सारख्याच प्रमाणात असतात असे नाही. अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात २०१० मध्ये जोशुआ बकहोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगातल्या नव्हे, साध्या निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूची तपासणी केली. ज्यांच्या स्वभावात उतावीळपणा व नियम झुगारण्याची वृत्ती अधिक, त्यांच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित केंद्र पैसे मिळण्याच्या नुसत्या आशेने अधिक जागृत होत होते, आणि डोपामिन हे द्रव्य तेथे अधिक स्रवत होते. थंड निर्भयपणाशी मात्र या गोष्टीचा तसा संबंध आढळला नाही. म्हणजे शांत डोक्याने गळा कापणारा आणि हाव सुटली की भान हरपणारा, हे दोघे एकाच खोलीत कोंडलेले असले तरी त्यांच्या मनाची घडण भिन्न असू शकते.

ही घडण केव्हा तयार होते? या प्रश्नाचे एक उत्तर मॉरिशसमधून आले आहे. पिढ्यानपिढ्यांपूर्वी कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांची वस्ती त्या बेटावर आजही आहे, म्हणून हे नाव आपल्या कानाला परके वाटू नये. तेथील व्हाक्वा आणि कात्र बोर्न या दोन गावांतील १,७९५ मुलांची वयाच्या तिसऱ्या वर्षी, १९७०च्या दशकाच्या आरंभी, तपासणी करण्यात आली. त्यांपैकी बहुसंख्य भारतीय वंशाची होती. मुलाला दोन प्रकारचे स्वर ऐकवीत. एका स्वरानंतर कर्कश आवाज येई, दुसऱ्यानंतर येत नसे. पहिला स्वर येताच तळहात ओला होऊ लागला, म्हणजे मूल भय शिकले. वीस वर्षांनी, ही मुले तेवीस वर्षांची झाल्यावर, न्यायालयाचे दप्तर तपासले तेव्हा त्यांतील १३७ जणांवर गुन्हे शाबित झालेले आढळले. लिंग, वंश आणि घरची परिस्थिती यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या, पण गुन्ह्याच्या वाटेला न गेलेल्या २७४ जणांशी त्यांची तुलना केली गेली. २७४ जणांच्या गटाने तिसऱ्या वर्षी ते भय शिकून घेतले होते. १३७ जणांच्या गटात त्याचा मागमूस नव्हता. यू गाओ, एड्रियन रेन प्रभृतींनी हा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

हे ऐकून कोणाच्या मनात मुलांची परीक्षा घेऊन भावी गुन्हेगार हेरण्याची कल्पना येईल, तर तिला वेळीच आवर घातला पाहिजे. वरील निष्कर्ष गटाच्या सरासरीचा आहे. एखाद्या मुलाची ती जन्मपत्रिका नव्हे. भय कमी असलेली पुष्कळ मुले पुढे गिर्यारोहक, अग्निशामक दलातील जवान किंवा नुसतीच धीट माणसे होतात. शिवाय जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेला आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांच्या हालचालींवर हजेरीचे जोखड आले, आणि हे कलंकित प्रकरण मिटवावयास १९५२ साल उजाडावे लागले. कायदा गेला, पण पारध्याच्या पोराकडे पाहणाऱ्या ठाणेदाराच्या नजरेतून तो पुरता गेला आहे असे म्हणवत नाही. त्या कायद्यामागे शास्त्राचा लवलेश नव्हता. आजच्या शास्त्राचा तसा उपयोग कोणी करू पाहील, तर तो शास्त्राचाही अपमान होईल.

मॉरिशसच्या कथेचा दुसरा भाग यापेक्षा आशादायक आहे. त्याच मुलांपैकी सुमारे शंभर मुलांना वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत विशेष बालवाडीत घालण्यात आले होते. सकस आहार, भरपूर व्यायाम व खेळ, आणि आस्थेने शिकविणाऱ्या बाई, एवढाच तो कार्यक्रम. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार ही मुले सतराव्या आणि तेविसाव्या वर्षी समाजविघातक वर्तनात इतरांपेक्षा कमी आढळली, आणि तिसऱ्या वर्षी ज्यांच्या अंगावर कुपोषणाच्या खुणा होत्या त्यांना याचा लाभ अधिक झाला. आपल्या अंगणवाडीच्या खिचडीचा हिशेब तपासताना आम्ही कारकुनी वृत्तीची माणसे ग्रॅम आणि रुपये मोजतो. वीस वर्षांनंतरच्या न्यायालयाचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

घरच्या शिस्तीविषयीही काही ठोस माहिती हाती आली आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी फार हूड वर्तन असलेल्या लहान मुलग्यांच्या आईबापांना शिस्तीचे शिक्षण दिले. त्यात दोन भाग होते: चांगल्या वागण्याचे तत्काळ कौतुक करणे, आणि वाईट वागल्यास काही वेळ एकटे बसविणे. त्यांच्या २००५ च्या निष्कर्षानुसार, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारी जी मुले होती त्यांच्यावर एकटे बसविण्याचा परिणाम कमी झाला; कौतुकाचा परिणाम मात्र त्यांच्यावर इतर मुलांइतकाच झाला. दंडाचे दार अर्धवट मिटलेले असले तरी लाभाचे दार उघडे आहे. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी आपली म्हण ज्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून निघाली असेल, त्यांत ही मुले नसावीत. आणि घरोघरी अनुभव तर उलट: अशाच मुलाच्या वाट्याला सर्वांत जास्त मार आणि सर्वांत कमी शाबासकी येते.

प्रौढ गुन्हेगारांचे काय, असा प्रश्न उरतो. ज्याच्यापासून इतरांच्या जिवाला धोका आहे त्याला कोंडून ठेवणे प्राप्तच आहे. शिक्षेला धाकाखेरीज आणखीही प्रयोजने असतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळाला असे वाटणे, हे त्यांतील लहान प्रयोजन नव्हे. प्रश्न कोंडल्यानंतरचा आहे. आपल्याकडे औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत काढून कैद्यांवर विश्वास टाकून पाहिला. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या शांताराम यांच्या चित्रपटामुळे ती कल्पना घरोघर पोहोचली. परंतु ते कैदी मुख्यतः क्षणिक रागाने किंवा वैराने गुन्हा घडलेले असे मानावयास हरकत नाही. शरम आणि विश्वास ही नाणी त्यांच्या बाजारात चालत होती.

ज्यांच्या बाजारात ती चालत नाहीत, अशा तरुणांसाठी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे १९९५ पासून मेंडोटा हे एक केंद्र चालते. इतर सुधारगृहांनी हात टेकलेली मुले तेथे पाठवितात. तेथील पद्धत अशी की मुलाच्या आजच्या वागणुकीला आज गुण द्यावयाचे आणि त्यानुसार उद्या त्याला मिळणाऱ्या सवलती ठरवावयाच्या. काल काय केले याचा हिशेब परवापर्यंत ओढावयाचा नाही. शिक्षा वाढवावी, त्याने बंड करावे, पुन्हा शिक्षा वाढवावी, हा पाळीपाळीचा खेळ तेथे जाणूनबुजून थांबविला जातो. केंद्रातील उपचार घेऊन बाहेर पडलेल्या मुलांत पुढील दोन वर्षांत हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, तेवढ्याच जहाल पण अन्यत्र ठेवलेल्या मुलांच्या मानाने, सुमारे निम्मे आढळले.

आपल्या तुरुंगांतही चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट देण्याची पद्धत इंग्रजी अमदानीपासून आहे, आणि ती बक्षिसाचीच पद्धत आहे. फक्त ती सूट महिन्याला थोड्या दिवसांच्या हिशेबाने जमा होते आणि पदरात पडते ती शिक्षेच्या शेवटी, म्हणजे कधी कधी आठ-दहा वर्षांनी. सामान्य कैद्याला एवढी लांबची आशा पुरते. आठ या आकड्याची चाहूल ज्याच्या तळहाताला सात येईपर्यंत लागत नाही, त्याला द्यावयाचे ते उद्या सकाळी दिले पाहिजे: एक पत्र, अर्धा तास अधिक खेळ, आवडीचे काम. त्यासाठी कायदा बदलण्याचीही फारशी गरज पडू नये. रोजच्या रोज नोंद ठेवणारा एक समंजस कर्मचारी आणि दुसऱ्या दिवशी ती नोंद पाळणारा तुरुंगाधिकारी, एवढी माणसे मिळाली तर पुरे आहेत.